आठवीतील मुलीसाठी समीकरणांचा सराव: सल्ला हवा

प्रश्न (पालक):
माझी मुलगी राज्य मंडळाच्या मराठी माध्यमाच्या शाळेत आठवीत आहे. सोपी समीकरणे ती झटकन सोडवते, परंतु कंस किंवा अपूर्णांक आला की गडबडते, आणि कारण विचारल्यास ‘इकडचे तिकडे नेले की चिन्ह बदलते’ एवढेच सांगते. प्रत्येक पायरी समजून सराव करता येईल अशी पद्धत किंवा साहित्य कोणी सुचवील का? शिकवणी लावण्याचा विचार तूर्त नाही.

उत्तर १ (निवृत्त गणितशिक्षक):
ते ‘इकडचे तिकडे’ आधी बंद करावे. −२क्ष = −१० इथपर्यंत बरोबर आलेली मुले ‘−२ तिकडे गेले, म्हणून +२’ असे म्हणून क्ष = −८ लिहितात, कारण बेरीज-वजाबाकीची युक्ती ती गुणाकारालाही लावतात. त्याऐवजी दोन्ही बाजूंवर कोणती क्रिया केली, हे तिने प्रत्येक ओळीसमोर शब्दांत लिहावे. उदाहरणार्थ:

५ − २(क्ष − ३) = १
५ − २क्ष + ६ = १ (−२ ने कंसातील दोन्ही पदांना गुणले)
११ − २क्ष = १ (५ आणि ६ यांची बेरीज केली)
−२क्ष = −१० (दोन्ही बाजूंतून ११ वजा केले)
क्ष = ५ (दोन्ही बाजूंना −२ ने भागले)

बहुतेकांची चूक दुसऱ्या ओळीत होते: +६ ऐवजी −६ लिहिले जाते आणि क्ष = −१ येते. म्हणून ताळा मूळ समीकरणातच घ्यायला लावा; −१ ठेवल्यास डावी बाजू १३ येते आणि चूक तिची तिलाच सापडते. मधल्या ओळीत घेतलेला ताळा त्याआधीची चूक दाखवत नाही.

उत्तर २:
वरील पद्धतीशी मी सहमत आहे. अपूर्णांकांबाबत एक भर घालतो: क्ष/२ + (क्ष + १)/३ = ७ यात दोन्ही बाजूंना ६ ने गुणताना मुले उजवीकडच्या ७ ला विसरतात, किंवा अंशातील क्ष + १ भोवतीचा कंस गाळून ३क्ष + २क्ष + १ लिहितात. खरी ओळ ३क्ष + २(क्ष + १) = ४२ अशी असून त्यावरून ५क्ष = ४०, म्हणजेच क्ष = ८ मिळते.

साहित्याचे म्हणाल तर बालभारतीची पुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. सहावीच्या पुस्तकातील समीकरणांच्या प्रकरणापासून सुरुवात केली तरी कमीपणा मानू नये. पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोडवरून दीक्षा ॲपमधील चित्रफितीही उघडतात, मात्र उदाहरण स्वतः सोडवून झाल्यावरच त्या पाहू द्याव्यात, अन्यथा पाहिलेले समजल्यासारखे वाटते आणि वही कोरी राहते.

प्रश्नकर्ते पालक:
दोघांचेही आभार. शाब्दिक उदाहरणांनाही हीच पद्धत चालेल का?

उत्तर १ (निवृत्त गणितशिक्षक):
चालेल, पण ती थोडी थांबून घ्या. वयाच्या उदाहरणांत ‘१२ वर्षांनंतर’ म्हटले की बारा दोघांच्याही वयात मिळवायचे असतात, आणि नेमके तेच राहून जाते. त्यामुळे आजचे व नंतरचे वय अशा दोन रकान्यांचा तक्ता मांडल्याशिवाय समीकरण लिहू देऊ नका.