सामोआच्या फियामे नाओमी मताआफा: तंबूतल्या शपथेमागे काय घडलं होतं?

प्रश्न (किनारा): २०२१ मध्ये पॅसिफिकमधल्या सामोआ या बेटराष्ट्राच्या या बाईंनी पंतप्रधानपदाची शपथ संसदेबाहेर तंबूत घेतली. सभागृहाला कुलूप होतं म्हणे. इतकी वेळ का आली?

दर्यावर्दी: मी त्यांची वाटचाल बरीच वर्षं मनापासून पाहतोय. वडील देशाचे पहिले पंतप्रधान, पण त्या स्वतः १९८५ पासून लोतोफागा मतदारसंघाच्या खासदार. पुढे अनेक वर्षं शिक्षणमंत्री, मग उपपंतप्रधान. जमीन आणि पदव्यांच्या न्यायालयाबद्दलची (पारंपरिक जमिनी आणि गावप्रमुखांच्या पदव्यांचे वाद सोडवणारं न्यायालय) विधेयकं आली तेव्हा न्यायव्यवस्थेला धक्का बसतोय म्हणून सप्टेंबर २०२० मध्ये पद सोडलं. माझ्या मते त्यांचं खरं मोठेपण तिथे आहे. २०२१ च्या निवडणुकीत त्यांचा नवा पक्ष आणि सत्ताधारी पक्ष यांच्यात २५-२५ अशी बरोबरी झाली, एका अपक्षाने त्यांना साथ दिली. २२ वर्षं पंतप्रधान असलेले तुइलाएपा मात्र हटेनात! २४ मे रोजी संसद बंद, म्हणून तंबू. जुलैमध्ये अपील न्यायालयाने तीच शपथ वैध ठरवली.

किनारा: आभार! आता त्याच पदावर आहेत का?

गावकरीण: नाही हो. २०२५ च्या सुरुवातीला त्यांच्याच पक्षाचे अध्यक्ष ला'आउली यांच्याशी फाटलं. दोन अविश्वास ठराव परतवले, पण मे महिन्यात अर्थसंकल्प नामंजूर झाला आणि मुदतीआधीच निवडणूक लागली. ऑगस्टच्या त्या निवडणुकीत फियामेंनी काढलेल्या नव्या पक्षाला तीनच जागा मिळाल्या.

दर्यावर्दी: वाईट वाटलं. तरी लोतोफागाने त्यांनाच निवडून दिलं.