ओटीपी न सांगणं पुरेसं नाही

वर एकांनी लिहिलंय की ओटीपी कुणाला सांगितला नाही तर खात्याला धोका नाही. यात एक मोठी फट राहते. आधारवर चालणाऱ्या पैसे काढण्याच्या सोयीत (एईपीएस) ओटीपी लागत नाही, पिनही नाही. बँकेचं नाव, आधार क्रमांक आणि अंगठा, बस. गावाकडे बँक मित्राच्या (बँकेने नेमलेल्या एजंटच्या) छोट्या यंत्रावर म्हातारी माणसं असेच पैसे काढतात आणि ती सोय खरंच गरजेची आहे. पण जमिनीच्या दस्तांवरचे ठसे उचलून, त्यांचे सिलिकॉनचे अंगठे बनवून खाती रिकामी केल्याचे गुन्हे पोलिसांनी पकडलेत.

माझ्या आईचं बायोमेट्रिक (आधारशी जोडलेले ठसे वगैरे) मी एमआधार या आधारच्या सरकारी ॲपमधून लॉक करून ठेवलंय, म्हणजे तिच्या ठशावर कुणाला पैसे काढता येत नाहीत. रेशन दुकानातही अंगठा लागतो, म्हणून तिथे जायच्या आधी तात्पुरतं उघडून द्यावं लागतं. पहिल्या महिन्यात मी विसरलो, तर तिला दुकानातून पिशवी घेऊन रिकाम्या हाताने परत यावं लागलं. आता तारीख लक्षात ठेवतो.

आणि लॉजवर, झेरॉक्सच्या दुकानात पूर्ण आधार देत जाऊ नका हो. मास्क्ड आधार डाउनलोड होतं, त्यात शेवटचे 4 आकडेच दिसतात. व्हॉट्सॲपवर पाठवलेली पीडीएफ दुकानदाराच्या संगणकावर तशीच पडून असते, ती समोर उभं राहून डिलीट करायला लावा.

पैसे गेलेच तर आधी 1930 ला (सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन) फोन करा, लगेच. बँकेची शाखा उघडायची वाट बघू नका.