'विहीर': न सांगणं की सांगायचं टाळणं?

(गोष्ट फुटलेली आहे. सिनेमा पाहिला नसेल तर आधी पाहा.)

गुळाचाचहा: 'वळू'वाल्या उमेश कुलकर्णीचा 'विहीर' (२०१०) परवा पुन्हा पाहिला. पूर्वार्ध अजूनही झकास. समीर आणि नचिकेत, नात्यातले भाऊ, एकमेकांना पत्रं लिहितात, सुट्टीत गावी भेटतात, लग्नघरात लपाछपी चालते. नचिकेतला सगळ्यातून निघून जायचंय. का, ते त्यालाही धड सांगता येत नाही. मग तो विहिरीत बुडतो. पाय घसरला की त्यानेच ठरवलं, याचं उत्तर नाही. उरलेला वेळ समीर रानोमाळ हिंडतो. मला ही सरळ पळवाट वाटते.

रानजाई: पळवाट कसली? कारण सांगितलं असतं तर पंधरा मिनिटं रडून मोकळे झालो असतो.

गुळाचाचहा: रडू तरी आलं असतं, ताई. उत्तरार्धात मी दोनदा घड्याळ बघितलं.

आडवाटेचा: मी आठवीत असताना आतेभाऊ गेला. मोठी माणसं ओसरीवर कुजबुजायची, आम्ही पोरं आलो की एकदम पावसापाण्याचा विषय. त्याने टाकलेलं आंतर्देशीय तो गेल्यावर तिसऱ्या दिवशी पोचलं. मॅचचा स्कोअर आणि 'येताना माझी कंपासपेटी आण', एवढंच. घडीच्या डिंकाखाली काही लिहिलंय का, म्हणून ते पत्र मी कितीतरी वेळा उन्हात धरलं. समीरचं हिंडणं मला लांबलेलं वाटलं नाही.

गुळाचाचहा: यावर काय बोलणार. पण तुमच्या पत्रात कंपासपेटी होती हो. नचिकेतकडे नुसते प्रश्नच. नाव बघा ना, थेट यमाला प्रश्न विचारणारा! एवढ्याशा पोराच्या डोक्यावर कठोपनिषद कशाला?

रानजाई: त्या वयात आम्हीही असंच जडजड बोलायचो. आता आठवलं की कानकोंडं होतं. नचिकेत झालेला आलोक राजवाडे म्हणूनच खरा वाटतो.

गुळाचाचहा: आलोकबद्दल वाद नाही. घड्याळाबद्दल आहे.

सोनचाफा: लेक नववीत आहे. काल लावला, म्हटलं अर्ध्यात मोबाइल घेऊन उठेल. शेवटपर्यंत बसली. आवडला का विचारलं, तर 'माहीत नाही'. रात्री दिवे मालवल्यावर दार ढकलून आली. म्हणे, "आई, आजीकडच्या विहिरीला कठडा आहे ना गं?"