नथीतलं माणिक कुठून आलं, हे सराफाला कसं विचारायचं?

पारलेकरीण:
नमस्कार मंडळी. डिसेंबरात मुलाचं लग्न आहे. सुनेला माझ्याकडून नथ घालायची आहे. मधे खरं माणिक, खाली पाचू, बाकी मोती. गेल्या शनिवारपर्यंत प्रश्न एवढाच होता, दादरला करायची की गिरगावात.

शनिवारी आम्ही कॉलेजच्या मैत्रिणी फोर्टात जेवलो आणि मग रात्री उशिरापर्यंत मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर गप्पा मारत बसलो. एकीच्या कानात बँकॉकहून आणलेल्या माणकाच्या कुड्या होत्या. तिने एक काढून माझ्या तळहातावर ठेवली. मोबाईलचा टॉर्च मारला तर खडा आतून निखाऱ्यासारखा पेटला. "अस्सल बर्मीज आहे गं," ती म्हणाली. दुसऱ्या मैत्रिणीची लेक आमच्याबरोबर होती, ती कामगारांच्या प्रश्नांवर काम करते. तिने अगदी हळू विचारलं, "मावशी, कधी घेतल्यात?"

मग विषय निघाला. म्यानमारमधलं, म्हणजे पूर्वीच्या बर्मातलं, मोगोक माणकांसाठी शेकडो वर्षं प्रसिद्ध. १ फेब्रुवारी २०२१ला तिथल्या लष्कराने सत्ता हातात घेतली, आणि रत्नांचे परवाने देणारी सरकारी कंपनीही त्यांच्याच ताब्यात गेली. एप्रिलमध्ये अमेरिकेने त्या कंपनीवर निर्बंध घातले. माझी मैत्रीण दुखावली. म्हणाली, "मी दुकानातून घेतल्यात, लष्कराकडून नाही." मला दोघींचंही म्हणणं पटत होतं, म्हणून तर झोप लागेना.

या आठवड्यात दोन दुकानांत विचारून पाहिलं. एकाने सांगितलं, "ताई, हॉलमार्क आहे, निर्धास्त राहा." दुसऱ्याने 'कॉन्फ्लिक्ट फ्री' छापलेलं कार्ड पुढे केलं. या कार्डाचा माणकाशी काय संबंध? मी नेमकं काय विचारू? आणि एक जोडप्रश्न: सुनेच्या पहिल्या संक्रांतीला हळदीकुंकू करणार आहोत. वाण म्हणून गुलाबी स्फटिकाची, म्हणजे रोझ क्वार्ट्झची, ब्रेसलेट घाऊक घ्यायचं घाटतंय. त्यातही असलं काही असतं का?

"इतका विचार केला तर जगणंच मुश्कील" असं कृपया कोणी लिहू नका. मला विचार करायचाच आहे.

पंचरत्न_ते_बीकेसी:
ताई, मी असॉर्टिंगमध्ये, म्हणजे हिरे निवडून प्रतवारी लावायच्या कामात आहे. ऑपेरा हाउसपासून हेच काम, आता भारत डायमंड बोर्समध्ये. हिऱ्यांचं ठामपणे सांगू शकतो, माणकाचं ऐकीव-वाचीव.

हॉलमार्क सोन्याचा असतो. तो सोन्याची शुद्धता सांगतो, आणि सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी हा त्या दागिन्याचा ओळख क्रमांक. खड्याबद्दल एक अक्षरही नाही.

'कॉन्फ्लिक्ट फ्री' कार्डाच्या मागे किंबर्ली प्रोसेस, म्हणजे हिऱ्यांना प्रमाणपत्र देण्याची आंतरराष्ट्रीय व्यवस्था आहे. सिएरा लिओन, अंगोला इथल्या युद्धांना हिऱ्यांचा पैसा पुरत होता, म्हणून २००३पासून ती लागू झाली. पण ती फक्त कच्च्या हिऱ्यांना, म्हणजे रफला लागू होते. माणिक, पाचू, नीलम त्यात येतच नाहीत. माणकाच्या दागिन्याबरोबर ते कार्ड कोणी देत असेल तर त्याला काही अर्थ नाही.

आणि हिऱ्यांपुरतंही तिचं कुंपण तोकडं आहे. बंडखोरांनी सरकारविरुद्ध लढण्यासाठी विकलेला हिरा 'कॉन्फ्लिक्ट' मानला जातो. सरकारच्याच सैन्याने खाणीवर गोळ्या घातल्या तर तो हिरा व्याख्येत बसत नाही. २००८मध्ये झिम्बाब्वेच्या मारांगेत नेमकं तेच झालं, आणि २०११मध्ये तिथल्या निर्यातीला परवानगीही मिळाली. त्याच वर्षी ग्लोबल विटनेस ही संस्था, जिने हा विषय जगापुढे आणला होता, प्रक्रियेतून बाहेर पडली. मी रोज पडीकी, म्हणजे हिऱ्यांच्या कागदी पुड्या, उघडतो. एका कागदात पाच देशांचा माल एकत्र असू शकतो. पैलू पडल्यावर हिरा बघून देश सांगणं आमच्यातल्या जुन्या जाणत्यांनाही जमत नाही.

माणकाचं थोडं वेगळं आहे. चांगली लॅब खड्यातल्या सूक्ष्म खुणा आणि मूलद्रव्यं तपासून देशाबद्दल मत देते. पण नथीतला खडा इवलासा, तपासणीचा खर्च त्याच्या किमतीला भारी पडेल. शिवाय देश कळला तरी खाण कळत नाही. बाजारात आज मोझांबिकचं माणिक भरपूर आहे. तिथल्या मोंतेपुएझ खाणीत मारहाण आणि गोळीबार झाल्याच्या तक्रारी गावकऱ्यांनी लंडनच्या कोर्टात नेल्या. २०१९मध्ये खाणीच्या ब्रिटिश मालक कंपनीने जबाबदारी मान्य न करता ५८ लाख पौंडांची तडजोड केली. म्हणजे "बर्मा नको, आफ्रिकेचं द्या" एवढ्याने भागत नाही.

धूळ_आणि_श्वास:
मी तुमच्या जोडप्रश्नाचंच उत्तर देते, कारण माझ्या मते खरी काळजी तिथे करायला हवी.

मुंबईहून रात्रीत पोचता येईल इतकं जवळ खंभात आहे. तिथे पिढ्यानपिढ्या अकीक घासून मणी करतात. अकीक आणि गुलाबी स्फटिक दोन्ही मुळात सिलिका. कोरडं घासलं की जी धूळ उडते ती फुप्फुसात बसते आणि सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही, वर क्षयाचा धोका वाढतो. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने तिथे पाहण्या केल्या आहेत. घासणाऱ्यांनाच नव्हे, शेजारपाजाऱ्यांनाही धूळ भोवते, कारण चाक घरातच किंवा ओसरीवर चालतं. घरचाच धंदा, त्यामुळे मालक कोण, कामगार कोण हे कागदावर कुठेच नसतं. भरपाई मागायची कुणाकडे?

मी कामानिमित्त तिथे एका बाईंना भेटले. वयाने माझ्याएवढ्याच. बोलताना दर दोन वाक्यांनंतर त्या थांबायच्या, भिंतीला टेकायच्या, मग पुढचं वाक्य. त्यांच्या ओच्यावर पिठासारखी पांढरी भुकटी होती.

माणकासाठी आपण प्रमाणपत्र मागतो, कारण ते महाग असतं. दहा-वीस रुपयांच्या मण्याबद्दल कोणीच विचारत नाही. तुमची ब्रेसलेट खंभातचीच असतील असं नाही, पण पाणी मारून, धूळ ओढणारा पंखा लावून घासलेत का, हे घाऊकवाल्याला विचारा. सांगता आलं नाही तर वाण दुसरं द्या. एक मात्र आवर्जून सांगते, खंभातच्या लोकांना काम नको आहे असं नाही. त्यांना ओलं घासायची यंत्रं हवी आहेत. अशी यंत्रं वापरणारा गट सापडला तर त्यांच्याकडून जास्त पैसे देऊन जरूर घ्या.

पेढीवरचा:
आमची पिढीजात सराफी आहे, पण जाहिरात करायला आलेलो नाही.

पारलेकरीण ताई, सिंथेटिक, म्हणजे खाणीऐवजी कारखान्यात बनवलेल्या माणकाचा विचार केलात का? ऑगस्त व्हर्नुईने १९०२मध्ये ज्वाळेत माणिक बनवायची रीत जाहीर केली. रसायन तेच, कठीणपणा तोच. एचएमटीच्या घड्याळावर '१७ ज्वेल्स' लिहिलेलं असायचं, ते हेच. आजीच्या काळच्या कितीतरी दागिन्यांत हाच खडा निघतो. आम्ही मोडीला आलेले खडे भिंगाखाली धरतो तेव्हा वक्र रेषा दिसल्या की खडा सिंथेटिक आहे हे समजतो.

जपायचं ते काच भरलेल्या माणकापासून. भेगांमध्ये शिशाची काच भरतात आणि 'नॅचरल' म्हणून विकतात. लिंबाच्या रसाने किंवा सोनाराच्या ज्वाळेने ते खराब होतं.

"जुनं वापरा म्हणजे पाप नाही" असंही कोणी सांगेल. जुन्या नथीतले बसरा मोती ज्या आखाती पाणबुड्यांनी काढले ते उचलीच्या कर्जात बांधलेले असत, बापाचं कर्ज मुलावर यायचं. जुनं जरूर वापरा, पण ते निर्मळ आहे म्हणून नको. त्यासाठी नव्याने कोणाला खाणीत उतरावं लागत नाही म्हणून वापरा.

पारलेकरीण:
सर्वांचे मनापासून आभार. ब्रेसलेटची ऑर्डर दिली नव्हती, आता देणारही नाही. वाणाला कापडी पिशव्या शिवून घेते. धूळ_आणि_श्वास, तुम्ही लिहिलेलं मी घरात मोठ्याने वाचून दाखवलं.

सुनेशीही बोलले, अजून होणारी आहे तरी. ती म्हणाली, "आई, सिंथेटिक चालेल. कोणी विचारलं तर मी तसंच सांगेन, फक्त बिलावर खरं लिहून घ्या." विहीणबाईंना आधी रुचलं नव्हतं, आता त्याही तयार आहेत. पेढीवरचा, बिलावर काय असावं? आणि पाचूचं काय करू?

पेढीवरचा:
बिलावर नुसतं 'रुबी' नको, 'सिंथेटिक रुबी' असंच लिहायला लावा. मोत्यांपुढे 'कल्चर्ड', म्हणजे शिंपल्यांत मुद्दाम तयार करवलेले. सोन्याचं वजन खडे-मोती वजा करून वेगळं, घडणावळ वेगळी.

पाचूही सिंथेटिक मिळतो, पण माणकापेक्षा बराच महाग. स्वस्तात दिला तर बहुधा हिरवी काच असेल. परवडत नसेल तर पाचू गाळून तिथे मोती वाढवा, नथ उणी दिसत नाही. ऑर्डर दसऱ्याआधी द्या. नंतर नथीच्या कारागिरांना लग्नसराईत मान वर करायला फुरसत नसते.