नदीकाठच्या रानात बटाटा: माती तपासणीच्या रिपोर्टात पालाश जास्त आहे, पोटॅश खत वगळू का?

दूधगंगाकाठ:
सदलग्याजवळ नदीकाठची काळी जमीन, एक एकर. उसाचा खोडवा (तोडणीनंतर पुन्हा फुटलेलं पीक) मोडलाय, वर पुराचा दोन-तीन बोटं गाळ आहे. नोव्हेंबरच्या सुरुवातीला कुफरी ज्योती जातीचा बटाटा लावायचा आहे, पाणी पाटानं. रिपोर्ट: सामू (pH) ८.२, क्षारता ०.३८, सेंद्रिय कर्ब ०.४२ टक्के, हेक्टरी नत्र २१०, स्फुरद १४, पालाश ४१० किलो, जस्त ०.४ पीपीएम. दुकानदार म्हणतात पोटॅश (पालाशाचं खत) वगळा, युरिया (नत्राचं खत) वाढवा. तसं करू का?

काळी_कसदार:
पोटॅश वगळू नका दादा, कमी करा. एकरी दहा टन बटाटा निघाला तर तो ४०-५० किलो नत्र उचलतो आणि पालाश ६० किलोच्या वर. त्यातला बराचसा बटाटा पोसायच्या महिन्याभरातच लागतो. मुळं वरच्या थरातच असतात आणि काळी माती पालाश तेवढ्या वेगानं सोडत नाही. एकरी शिफारस साधारण ५०:४०:५० किलो (नत्र:स्फुरद:पालाश) धरा. तुमचं नत्र कमी आहे म्हणून ते ६० करा, पालाश ३५ वर आणा, स्फुरद ४० च ठेवा.

म्हणजे स्फुरदासाठी सिंगल सुपर फॉस्फेट ५० किलोची ५ पोती (गंधकही मिळतं), युरिया १३० किलो, म्युरेट ऑफ पोटॅश ६० किलो. सुपर आणि पोटॅश सगळं लावणीला, युरिया निम्मा. खत सरीत बेण्याच्या बाजूला, थोडं खाली पडलं पाहिजे. कोंबाला लागलं की कोंब जळतो. उरलेला युरिया तिसाव्या दिवशी, भर लावताना (झाडाच्या बुडाला माती चढवताना) मातीआड करा. या सामूच्या रानात उघडा राहिला तर अमोनिया होऊन उडतो.

हिरण्यकेशी:
हिशोब पटला, फक्त म्युरेटऐवजी सल्फेट ऑफ पोटॅश ७० किलो घ्या. महाग आहे, पण क्लोराईडनं बटाट्यातला कोरडा अंश घटतो. चिप्सला माल द्यायचा नसेल तर तुमच्या क्षारतेला म्युरेट चालेल. जस्त मात्र टाळू नका, ०.६ च्या खाली म्हणजे कमतरताच. झिंक सल्फेट एकरी १० किलो, कुजलेल्या शेणखतात मिसळून. सुपरमध्ये कालवू नका, स्फुरद जस्ताला बांधून टाकतो.

दूधगंगाकाठ:
शेणखत ताजं आहे, चालेल का काका?

हिरण्यकेशी:
नको. तुमच्यासारख्या चढ्या सामूच्या रानात ताज्या शेणखतानं खवड्या (सालीवर खरबरीत खपल्या आणणारा रोग) वाढतो. ते पुढच्या पिकाला ठेवा. कुजलेलं ८-१० टन मिळेल तिथून आणा. खवड्याचा इतिहास असलेल्या रानात भरीच्या वेळी युरियाऐवजी अमोनियम सल्फेट १५० किलो घातलं तर नत्र तेवढंच मिळतं आणि मुळाजवळची माती थोडी आम्लाकडे झुकते.

पाट_पाणी:
माती गाळ बसायच्या आधी घेतली की नंतर? आधी घेतली असेल तर पुन्हा तपासा: रान नांगरून गाळ मिसळल्यावर, आठ-दहा ठिकाणी व्ही आकाराचा खड्डा करून वीतभर खोलीपर्यंतची. बारीक गाळ वर तसाच राहिला तर पपडी धरतो.

दुकानदाराचा युरिया का नको तेही सांगतो. जादा नत्रानं पाला माजतो, बटाटा धरायला उशीर होतो आणि दाट पाल्यात करपा (पानं करपवणारा बुरशीजन्य रोग) लवकर घुसतो. नदीकाठी धुकं-दव असतं, तिथं हे जास्त जाणवतं. पाणी वरंब्याच्या दोन-तृतीयांशावर चढू देऊ नका. सरीत तुंबलं तर नत्र वायू होऊन जातं, पानं पिवळी दिसतात आणि माणूस पुन्हा युरियाच टाकतो. आधी शेवटाला चर काढून पाणी बाहेर काढा.