हवेची गन की बॅटरीची गन? वापरणाऱ्यांनी अनुभव सांगा

मंडळी, भांडुपला माझा दहा बाय बाराचा गाळा आहे, टू व्हीलर आणि छोट्या गाड्यांची कामं करतो. आत्तापर्यंत नट सोडवायला-आवळायला टॉमी (लोखंडी दांडा) आणि गोटी (नटावर बसणारं सॉकेट) पान्यावर निभावलं पण आता उजवा खांदा बोलायला लागलाय. टायरात हवा भरायला ५० लिटर टाकीचा १ एचपी कॉम्प्रेसर आहे, त्याच्यावरच अर्धा इंची (गोटी बसते त्या चौकोनी टोकाचं माप) एअर गन, म्हणजे हवेच्या जोरावर नट फिरवणारी, लावू की सरळ बॅटरीवाली इम्पॅक्ट गन घेऊ? नागदेवी स्ट्रीटला तीन दुकानं फिरलो, तिघांनीही आपापल्याकडे जो माल पडून होता तोच भारी म्हणून सांगितला. म्हणून दुकानदार नको, वापरणाऱ्यांनी लिहा. आणि कुठे फसला असाल तर ते आधी लिहा.

कळंबोलीचा टायरवाला
आमच्याकडे ट्रकचं काम, इथे प्रश्नच नाही, हवा. दहा नटांचं चाक, एकेक नट ६०० न्यूटन मीटरच्या (टॉर्क, म्हणजे आवळण्याच्या जोराचं माप) आसपास आवळलेला आणि वर गंज, दिवसभर तेच. एक इंची गन हवेवर आठ आठ तास चालते, गरम होत नाही, उलट पावसाळ्यात हात गारठतो. बॅटरीवाली पण आहे माझ्याकडे, खोटं कशाला बोलू. हायवेला गाडी बंद पडली की तीच घेऊन पोरगा बाईकवर जातो, आधी टेम्पोत कॉम्प्रेसर घालून न्यायचो. पण दुकानात तिच्यावर धंदा नाही होत, तिसऱ्या चाकाला बॅटरी एवढी तापते की चार्जरला लावली तरी आधी थंड होईपर्यंत चार्जर तिला घेतच नाही, लाईट लुकलुकत बसतो आणि ड्रायव्हर आपल्याकडे बघत बसतो.

आकडेमोड्या
धागाकर्ते, महापेला प्लांट मेंटेनन्समध्ये आहे म्हणून जरा हिशोब मांडतो, कंटाळा आला तर पुढच्या प्रतिसादावर जा. तुमच्या ५० लिटर टाकीत ८ बार दाबाची हवा आहे असं धरा. गनला सव्वासहा बार, म्हणजे डब्यावर लिहितात ते ९० पीएसआय लागतं. म्हणजे ८ वरून ६ वर येईपर्यंत टाकीतून मोकळी हवा निघाली फक्त १०० लिटर. अर्धा इंची गनच्या डब्यावर "४ सीएफएम" (मिनिटाला इतके घनफूट हवा) लिहिलेलं असतं ते बघून लोक खूश होतात, पण तो आकडा मिनिटातले पंधराएक सेकंदच ट्रिगर दाबला असं धरून काढलेला असतो. सलग दाबून ठेवलात तर चौपट हवा खाते. म्हणजे तुमच्याकडे दहा-बारा सेकंद दम आहे, मग टाकी परत भरायला १ एचपीला मिनिटभर तरी लागणार.
आता गंमत अशी की छोट्या गाडीच्या चाकाला चार नट, एकेकाला दोन-तीन सेकंद. एक चाक सुटतं! मग जॅक लावेपर्यंत टाकी भरते. त्यामुळे तुमच्या कामाला कॉम्प्रेसर अगदीच टाकाऊ नाहीये. दुकानदार सरसकट "३ एचपी घ्या" म्हणतात ते सलग काम करणाऱ्याला.
अजून एक, पाईप. माझ्या गनमध्ये जोर नाही म्हणून मी गनलाच शिव्या घालत होतो, शेवटी गनच्या तोंडाशी गेज लावलं. ट्रिगर सोडलेला असताना ८ बार, दाबला की ४! पाव इंची पाईप, वर पंधरा मीटर लांब. तीन अष्टमांश इंची, म्हणजे जाड पण आखूड पाईप टाकला आणि तीच गन बदलल्यासारखी झाली.

मंडपवाला, लालबाग
आमचं वेगळं. गणपतीच्या आधी महिनाभर ट्रस आणि पाईपचे सांगाडे उभे करतो, माणूस वीस-पंचवीस फुटांवर, त्याच्या मागे हवेचा पाईप लोंबकळणार आणि खालून कोणतरी ट्रॉली घेऊन त्यावर चढणार. बॅटरीशिवाय पर्यायच नाही. रात्रीचं काम असतं, १० नंतर कॉम्प्रेसर धडधडला की चाळीतल्या आजी गॅलरीत येतात आणि त्यांच्यापुढे कुठला परवाना चालत नाही. आता गनचा टकटकाट बॅटरीवालीचाही होतोच म्हणा, आतली हातोडी तीच, पण हवेचा फुसफुसाट आणि कॉम्प्रेसर वाचतो. आमच्याकडे दोन गन, सहा बॅटऱ्या. त्याच बॅटऱ्या ग्राइंडर आणि ड्रिलला लागतात, ते बघूनच कंपनी ठरवली होती.

फसलेला कुर्लेकर
तुम्ही म्हणालात फसल्याचं आधी सांगा, घ्या. ऑनलाईन गन घेतली, वर मोठ्या अक्षरात ३८८ व्हीएफ. मला वाटलं ३८८ व्होल्ट, म्हणजे रेल्वेचा डबा उचलेल. बॅटरी उघडली तर आत पाच सेल एका रांगेत. एक सेल ३.६ चा, पाच म्हणजे १८, फुल चार्जला ४.२ प्रमाणे २१. संपलं. म्हणजे कोणी १८ लिहितो कोणी २० कोणी २१, माल एकच, आणि ३८८ वाल्याचा माल तोही नाही. चार महिन्यांत एक सेल बसला, विकणाऱ्याचं पान गायब. आता भंगारात पण कोणी घेईना.
टॉर्कचा आकडा बघताना पण डोळे उघडे ठेवा, डब्यावर मोठा छापतात तो नट सोडवायचा असतो, आवळायचा कमीच असतो.

चेंबूरची गॅरेजवाली
मिस्टरांच्या गॅरेजचे हिशोब मी बघते, कधीकधी हात पण काळे करते. हवेची गन आमच्याकडे नऊ वर्षं आहे, मध्ये एकदा आतल्या पट्ट्या झिजल्या, त्या बदलल्या, खर्च अगदी किरकोळ. बॅटरीवालीचा ट्रिगर आणि आतलं सर्किट गेलं तेव्हा दुरुस्तीचा आकडा ऐकून नवीनच घेतली.
पण हवेवाल्यांनो, मुंबईत जून ते सप्टेंबर टाकीत पाणी साठतं हो! हवाच इतकी ओली असते. रोज संध्याकाळी खालचा कॉक उघडला नाही तर तेच पाणी गनमध्ये जातं आणि आत गंज. सकाळी काम सुरू करायच्या आधी एअर टूलच्या तेलाचे चार थेंब. आमचा पोरगा हे विसरतो, मग मी त्याचा चहा विसरते.

आटे गेलेला
कोणतीही घ्या, पण शेवटचा आवळ टॉर्क पान्यानेच (ठरवलेल्या जोरालाच आवळणारा पाना) द्या. मी गनने गरागरा आवळले, एका स्टडचे (नट ज्यावर बसतो त्या बोल्टचे) आटे गेले, गिऱ्हाईकाने भर रस्त्यात फोन करून आईवडील काढले. छोट्या गाडीला १०० न्यूटन मीटरच्या आसपास पुरतं, नक्की आकडा गाडीच्या पुस्तकात बघा. गनने नुसता नट बसवायचा, समोरासमोरचे नट आलटून पालटून. आणि चकचकीत गोटी गनला लावू नका, काळ्या इम्पॅक्ट गोट्याच घ्या. माझी फुटली तेव्हा तुकडा पत्र्यावर बसला, डोळ्यावर नाही, एवढंच नशीब.

मंडपवाला, लालबाग
काळ्या गोटीला +१. आमच्याकडे चकचकीत दिसली तर मी स्वतः मिठी नदीत टाकतो.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. घाई करत नाही. बाहेर जाऊन कामं महिन्याला दोन-चारच असतात माझी, बाकी सगळं गाळ्यात. तेव्हा आधी पाईप बदलतो आणि शेजाऱ्याची एअर गन आठवडाभर आणून बघतो, नाहीच जमलं तर बॅटरीवाली. काळ्या गोट्या उद्याच.
चेंबूरच्या ताई, तुमचं वाचून कॉम्प्रेसरखालचा कॉक शोधला. सहा वर्षांत कधी उघडलाच नव्हता, ग्रीस आणि मातीखाली गाडला गेलेला. पान्याने फिरवला तर चहाच्या रंगाचं पाणी, अर्धी बादली. ५० लिटरची टाकी म्हणतोय मी सगळ्यांना, खरी किती उरली होती कोण जाणे.