मदत हवी आहे : सोसायटीच्या चार्जरचे संदेश उघडेच जातायत
नमस्कार मंडळी. आमच्या पार्किंगमध्ये इलेक्ट्रिक गाड्यांसाठी ७.४ किलोवॉटचे चार एसी चार्जर आहेत. काल सेटिंगचं पान उघडलं तर पासवर्ड अजून कंपनीने दिलेलाच, आणि सर्व्हरचा पत्ता 'डब्ल्यूएसएस' (wss, सुरक्षित जोडणी) नाही, नुसता 'डब्ल्यूएस'ने (ws, उघडी जोडणी) सुरू होणारा. म्हणजे ओसीपीपी १.६ चे (चार्जर आणि सर्व्हर ज्या ठरलेल्या भाषेत बोलतात ती) सगळे संदेश एन्क्रिप्शनशिवाय जातायत, चार्जिंग सुरू करायला टेकवतो त्या आपल्या आरएफआयडी कार्डांचे नंबरसुद्धा. ते वाटेत कुणी उचलले, तर चार्जिंग एकाचं आणि पावती दुसऱ्याच्या नावावर!

पासवर्ड लगेच बदलला. पुरवठादार मात्र म्हणतो, "चालतंय ना, मग कशाला हात लावता?" मला हे अजिबात पटलेलं नाही.

ओसीपीपीचं सिक्युरिटी प्रोफाइल २, म्हणजे टीएलएस (संदेश एन्क्रिप्ट करून पाठवायची पद्धत), नुसत्या फर्मवेअर (चार्जरमधलं सॉफ्टवेअर) अपडेटने चालू होतं का? कुणी केलंय? तोवर चार्जर सोसायटीच्या वायफायवरून काढून वेगळ्या सिमकार्डच्या राउटरवर टाकू का?